बोटीवर दारू: कायदा काय सांगतो, पाणी काय करतं

खाजगी बोटीवर बीअर चालते का, असं विचारलं की धक्क्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "बोट आपली, खाडी मोकळी, कोण विचारणार?" या उत्तरात दोन चुका आहेत. विचारणारे बरेच आहेत, फक्त त्यांचे कायदे एका जागी लिहिलेले नाहीत. आणि बेलापूरहून घारापुरीच्या दिशेनं निघालेल्या बोटीवर पोलिसांच्या आधी भरती, वारा आणि बूम (शिडाचा आडवा दांडा) हिशेब मागतात.

आधी कायदा बघू. महाराष्ट्रात मद्याचा मूळ कायदा १९४९ चा, महाराष्ट्र दारूबंदी कायदा. नाव वाचून बुचकळ्यात पडायला होतं, पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की मद्य विकत घेणं, जवळ बाळगणं, नेणं आणि पिणं या सगळ्याला परमिट लागतं. ते एक दिवसाचं, एक वर्षाचं किंवा आजीवन मिळतं. सौम्य बीअरसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५. बोट खाजगी असली तरी खाडी राज्याच्याच हद्दीत आहे, त्यामुळे आइसबॉक्समधल्या बाटल्यांना हे नियम जसेच्या तसे लागू होतात. पाहुण्यांकडून पैसे घेऊन बोटीवर दारू दिली तर ती विक्री ठरते, आणि तिला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

आता चालवणाऱ्याबद्दल. रस्त्यावरची ३० मिलिग्रॅमची मर्यादा सगळ्यांना पाठ असते: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पण त्या कायद्यातलं 'मोटार वाहन' म्हणजे रस्त्यावर चालण्यासाठी बनवलेलं वाहन. बोट त्यात बसत नाही. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की बोटीला मर्यादाच नाही. तसं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८२ खास जलयानांसाठी आहे. माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे बोट चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमात मिलिग्रॅमचा आकडा नाही. पिऊन सुकाणू धरणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. कुणाचा जीव गेला तर कलम १०६ येतं, पाच वर्षांपर्यंत कैद. प्रकरण त्याहूनही वर जाऊ शकतं. मुंबईत २००६ साली पिऊन गाडी चालवताना फुटपाथवर झोपलेली माणसं चिरडली गेली होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. खटला गाडीचा होता, पण त्यामागचं तर्कशास्त्र सुकाणूलाही लागू पडतं: धोका ठाऊक असून प्यायलात, मग 'चूक झाली' म्हणून सुटका नाही.

व्यावसायिक दर्यावर्दींसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत आकडा आहे: रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, किंवा एक लिटर श्वासात ०.२५ मिलिग्रॅम. कामावर असताना याच्या वर जायचं नाही. अमेरिकेत हौशी बोटवाल्यांची संघराज्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे. हे आकडे माहीत असावेत, पण त्यांच्या आधारानं 'मग एक चालेल' असा हिशेब करू नये. सुकाणू धरणाऱ्यासाठी योग्य आकडा शून्य आहे. का, ते पुढच्या गणितात दिसेल.

एक लार्ज पेग म्हणजे ६० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीत मद्यार्क सहसा ४२.८ टक्के असतो, म्हणजे एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. बीअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. ती ५ टक्क्यांची असेल तर त्यात २५-२६ ग्रॅम. तीच स्ट्राँग, ८ टक्क्यांची असेल तर ४१ ग्रॅम. नीट बघा: स्ट्राँगची एक बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. 'मी फक्त बीअर घेतली' असं म्हणणारा माणूस बोटीवर धोकादायक ठरतो तो इथे.

आता हे शरीरात घालून बघू. ७० किलोच्या पुरुषानं ४० ग्रॅम मद्यार्क घेतला तर १०० मिलिलिटर रक्तात तो अंदाजे ८५ मिलिग्रॅमपर्यंत जातो. ५५ किलोच्या बाईनं तेवढाच घेतला तर आकडा १३० च्या वर जातो, कारण तिच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि मद्यार्क पाण्यातच पसरतो. यकृत तो साफ करतं दर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम या गतीनं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, खाडीत एक बुडी, कशानंही ही गती वाढत नाही. पोटभर जेवण असलं तर चढण सावकाश होते, उतरण तेवढीच राहते.

म्हणून आदल्या रात्रीचं पिणं मोजावं लागतं. त्याच ७० किलोच्या पुरुषानं शनिवारी रात्री नऊ ते बारा चार लार्ज घेतले, म्हणजे ८० ग्रॅम. गणितानं सुमारे १७०. नऊपासून सकाळी सहापर्यंत नऊ तास, दर तासाला १५, म्हणजे १३५ उतरले. सहाला सुकाणू हातात घेताना रक्तात अजून ३५ शिल्लक. तीच व्यक्ती त्या क्षणी गाडीत बसली असती तर रस्त्यावर गुन्हा ठरला असता. हा अंदाज आहे, माणसागणिक आकडा बदलतो, पण दिशा चुकत नाही. रविवारी पहाटेच्या भरतीला निघायचं असेल तर शनिवारची पार्टी तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, सोडून द्यावी.

रस्त्यावर ३५ मिलिग्रॅम आणि पाण्यावर ३५ मिलिग्रॅम एकसारखे नसतात. ऊन, वारा, इंजिनाचा आवाज, लाटांचा सततचा हादरा, पाण्यावरून डोळ्यात येणारी तिरीप. चार तास हे सोसल्यावर थेंबही न घेतलेला माणूस मंदावतो, त्याचा हात उशिरा हलतो. त्यात दारू मिसळली की दोन्ही थकवे एकमेकांवर चढतात. शिवाय दारूनं लघवी जास्त होते, वाऱ्यात घाम दिसत नाही आणि शरीर कोरडं पडतं. तहान लागते म्हणून आणखी एक बीअर उघडली जाते. आइसबॉक्समध्ये माणशी दोन लिटर साधं पाणी आणि वर ताक किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत असेल तर निम्मं पिणं आपोआप टळतं.

तोलाची गोष्ट मात्र सविस्तर समजून घ्यायला हवी. आपल्या आतल्या कानात तोल ओळखणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो आणि एक मऊ पडदा. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो, पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं. मद्यार्क रक्तातून त्या पडद्यात आधी शिरतो, द्रवात नंतर. काही काळ पडदा द्रवापेक्षा हलका होतो आणि डोकं स्थिर असूनही फिरल्याची खोटी सूचना जाते. उतरताना उलट: पडद्यातून मद्यार्क आधी निघून जातो आणि हाच घोटाळा उलट्या दिशेनं होतो. रक्त साफ झाल्यावरही काही तास हा परिणाम राहू शकतो. घरात पलंगावर पडल्यावर छत फिरतं ते यामुळेच. हलणाऱ्या डेकवर मात्र माणूस रेलिंगवरून पलीकडे जातो.

आणि तो जातो कधी, हेही ठाऊक असावं. बरेचदा पुरुष बोटीच्या मागच्या टोकाला उभं राहून लघवी करताना पडतात. एक हात गुंतलेला, पाठ सगळ्यांकडे, इंजिन चालू, कुणाचं लक्ष नाही. बोटीवर शौचालय असेल तर तिथे बसून, नसेल तर कॉकपिटमध्ये, म्हणजे डेकवरच्या बसायच्या खोलगट जागेत, बसून बादलीत. हा नियम निघण्याआधी सगळ्यांना मोठ्यानं सांगावा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

शिडाच्या बोटीचा स्वतंत्र धोका म्हणजे बूम, शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा. वारा मागून येत असताना बोट वळवली की शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं. याला जाइब म्हणतात. नीट केलेली जाइब अशी असते: सुकाण्या विचारतो "जाइबला तयार?" आणि प्रत्येकाचं उत्तर ऐकतो. मग मेनशीट, म्हणजे बूमला आवरणारा दोर, ओढून बूम मधोमध आणली जाते. त्यानंतरच सुकाणू फिरवणारा टिलर हलतो. बूम पलीकडे गेली की दोर सावकाश सोडला जातो. पूर्ण वेळ सगळ्यांची डोकी खाली. दोन बीअर घेतलेला सुकाण्या यातली पहिली आणि दुसरी पायरी गाळतो. विचारतो, पण उत्तराची वाट बघत नाही. बूम बाहेर असतानाच टिलर ओढतो. मग दांडा कॉकपिटवरून एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपकन येतो, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. ज्याला लागतं तो बेशुद्ध होऊन पाण्यात पडतो. दुपारी खारे वारे जोर धरतात तेव्हा वारा मागून घेऊन परत येणाऱ्या बोटींना हे सर्वांत जास्त जपावं लागतं.

विंचवरही, म्हणजे दोर ताणायच्या फिरत्या ड्रमवरही, तसंच. दोराला तीन वेढे असताना हाताची बोटं ड्रमपासून वीतभर लांब ठेवायची असतात. दारूनं अंतराचा अंदाज आधी जातो, बोट वेढ्यात सापडतं आणि दोरावर शंभर-दीडशे किलोचा ताण असतो.

म्हणून रस्त्यावरचा 'आज एक जण पिणार नाही' हा नियम बोटीला पुरत नाही. किमान दोघं कोरडे हवेत. कारण मोजून बघू. पाच नॉटच्या वेगानं बोट सेकंदाला अडीच मीटरहून जास्त जाते. माणूस पडल्यावर 'अरे, अरे' म्हणण्यात दहा सेकंद गेली तर तो २६ मीटर मागे. एक मिनिट गेलं तर दीडशे मीटर. मीटरभर लाटेत तेवढ्या अंतरावर डोकं दिसत नाही. त्यामुळे ओरडताक्षणी एका माणसानं फक्त हाताचं बोट पडलेल्याकडे रोखून त्याच्याकडे बघत राहायचं, दुसरं काहीही करायचं नाही. तरंगणारं जे हाताशी असेल, रिंग, उशी, रिकामा बंद आइसबॉक्स, ते लगेच टाकायचं. जीपीएसवरचं माणूस-पडला बटण दाबायचं. सुकाण्यानं वळून वाऱ्याच्या तिरक्या बाजूनं, शीड सैल फडफडत ठेवून, माणसाजवळ बोट जवळजवळ थांबवायची. इंजिन चालू असेल तर माणूस बाजूला येण्याआधी न्यूट्रल, आणि वर घेताना बंद. पंखा न्यूट्रलमध्येही हळू फिरत राहू शकतो.

खरी अडचण पुढे आहे. ८० किलोचा, भिजलेला, प्यायलेला माणूस बोटीच्या कडेवरून हातानं ओढून वर येत नाही. शिडी हवी. नसेल तर दोराचा मोठा फास कडेवरून पाण्यात गुडघाभर खाली सोडायचा, त्यात त्यानं पाय ठेवायचा. तेही जमत नसेल तर काखेखालून दोर घालून शीड वर खेचणाऱ्या हॅल्यार्डला अडकवायचा आणि विंचनं उचलायचं. हे करायला दोन शुद्धीतली माणसं लागतात: एक सुकाणूवर, एक दोरावर. बाकीच्यांनी प्यायलेली असेल तर ते मदतीला वाकतात आणि तेही पडतात. तांडेल एकटाच कोरडा असेल आणि तोच पडला तर काय, याचं उत्तर निघण्याआधी द्या. छोट्या इंजिनाच्या बोटीत किल कॉर्ड, म्हणजे इंजिन बंद करणारी दोरी, चालवणाऱ्याच्या मांडीला अडकवलेलीच असली पाहिजे. चालवणारा पडल्यावर तिनं इंजिन बंद केलं नाही तर रिकामी बोट गोल फिरून पडलेल्याच माणसावर येते.

लाइफ जॅकेट सगळ्यांना, आणि प्यायलेल्याला आधी. त्यावरचा न्यूटनचा, म्हणजे तरंगवण्याच्या जोराचा, आकडा वाचा. ५० न्यूटनचं जॅकेट शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला फक्त आधार देतं. बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवण्याची क्षमता १५० न्यूटनच्या जॅकेटमध्ये बरीच जास्त असते. दारूत माणूस पालथा पडला की स्वतःहून उताणा होत नाही, त्यामुळे इथे स्वस्तातलं जॅकेट घेऊ नये.

"नांगर टाकल्यावर तरी चालेल ना?" चालेल, पण नांगर टाकून काम संपत नाही. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, आणि पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे बारा हिस्से धरा: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. चार मीटरची भरती असेल तर मधल्या दोन तासांत प्रत्येकी मीटरभर पाणी चढतं. ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकला, डेक पाण्याच्या वर एक मीटर, म्हणून पाचपटीनं २० मीटर दोर सोडला. भरती पूर्ण झाली की खोली सात, डेकसह आठ, आणि २० मीटर दोर म्हणजे जेमतेम अडीचपट. नांगराचा दोर उभा होतो, फाळ चिखलातून सुटतो, बोट वाहायला लागते. दोर पूर्ण भरतीच्या हिशेबानं सोडायचा असतो, इथे ४० मीटर. उलट बाजूनं, भरतीला ऐटीत सूर मारलेली जागा तीन तासांनी कमरेएवढी असते. खाली ठाणे खाडीचा चिखल, त्यात डोलजाळ्यांचे खुंट. प्यायल्यावर पाण्यात उतरायचं नाही, हा नियम नांगरावरही तसाच. आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून दर पंधरा मिनिटांनी बघायला एक कोरडा माणूस लागतोच.

अंधार पडल्यावर आणखी एक भर. लाल दिवा बोटीच्या डाव्या बाजूला, हिरवा उजव्या. दोन्ही एकदम दिसले आणि वर पांढरा असेल तर ते इंजिनाचं जहाज सरळ तुमच्यावर येतंय. न्हावा-शेवाच्या बंदराकडे जाणारी कंटेनर जहाजं अरुंद मार्गातून चालतात, त्यांना छोट्या बोटीसाठी वळता येत नाही. २० मीटरहून लहान बोटीनं त्यांना अडथळा करायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. दारूनं नजरेचा पल्ला आत येतो, कडेचं दिसेनासं होतं. दिशा चुकून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किनाऱ्याकडे किंवा जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्याकडे गेलात तर प्रश्न बेदरकारपणापुरता राहत नाही, ती मनाईची क्षेत्रं आहेत. खाडीचा वरचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय शिरायचं नाही, आणि बाटली पाण्यात टाकणं तर नाहीच. काचेच्या बाटल्या बोटीवर आणूच नयेत. अनवाणी डेकवर फुटलेली काच आणि हेलकावे हे वाईट मिश्रण आहे.

औषधांकडे दुर्लक्ष होतं. बोट लागू नये म्हणून घेतलेली प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनची गोळी स्वतःच झोप आणते. त्यावर एक पेग घेतला तर माणूस अर्ध्या तासात बसल्या जागी पेंगतो. गोळी घेतलेल्यांनी दारू घेऊ नये.

आणि प्रत्येक झुलणारा माणूस प्यायलेलाच असतो असं समजू नका. केबिनमध्ये जनरेटरचा किंवा इंजिनाचा धूर शिरला तर कार्बन मोनॉक्साइडनं डोकं दुखतं, मळमळतं, जीभ जड होते. उष्माघात आणि बूमचा मारही असेच दिसतात. आधी त्याला मोकळ्या हवेत, सावलीत आणा आणि डोक्याला हात लावून बघा. दारूनंच निजला असेल तर एकट्याला केबिनमध्ये उताणं टाकू नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. शेजारी कुणीतरी बसून श्वास मोजायचा. मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडलं, ओठ निळसर दिसले, तर मदत मागायची वेळ झाली. व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचा चॅनेल, फोनवरून तटरक्षक दलाचा १५५४, किनाऱ्याजवळ असाल तर ११२. बोटीचं नाव, जीपीएसवरची जागा, काय झालं आणि किती माणसं, याच क्रमानं सांगा.

परत आल्यावर उतरण्याचा क्रमही ठरवून ठेवा. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि बोट वरखाली होत असते. बोट आणि दगड यांच्यात पाय चेंगरायला एक हेलकावा पुरतो. पुढचा आणि मागचा दोर बांधून इंजिन बंद झाल्यावर आधी एक कोरडा माणूस वर जातो, दुसरा बोटीत थांबतो. प्यायलेल्यांना एकेक करून, दोन्ही हात मोकळे ठेवून चढवायचं, पिशव्या नंतर. लाइफ जॅकेट वरच्या कोरड्या पायरीवर पोचल्यावरच काढायचं. आणि गाडीच्या किल्ल्या त्या कोरड्या दोघांकडे द्यायच्या, कारण धक्क्याच्या फाटकाबाहेर पुन्हा कलम १८५ सुरू होतं.